भांडण शुल्काचं, खोळंबा विमानाचा : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आयातशुल्कावर लिहिताना मी एक वाक्य ओझरतं लिहून गेले होते : व्यापारी भांडणाची झळ विमानं आणि शस्त्रास्त्रं बनवणाऱ्या कारखान्यांना उशिरा लागते, पण एकदा लागली की वर्षानुवर्षं जात नाही. त्या वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, मी अर्थतज्ज्ञ नाही. विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी सव्वीस वर्षं काम केलं. धातूचे बार, फोर्जिंग (दाबून-ठोकून आकार दिलेले धातूचे तुकडे), बोल्ट, बेअरिंग, रसायनं मागवणं आणि ती वेळेवर मशीनपर्यंत पोचवणं हा माझा रोजचा उद्योग होता. त्या टेबलावरून जे दिसलं त्याच्या आधारानं उत्तरं देते आहे.

प्रश्न : परदेशी मालावर शुल्क लावलं की देशी कारखान्यांना संरक्षण मिळतं, असं आम्ही शिकलो. मग अमेरिकेनं पोलाद आणि ॲल्युमिनियमवर शुल्क लावल्यावर तिथल्याच विमान उद्योगानं तक्रार का केली? (एक निवृत्त बँक अधिकारी)

तुम्ही शिकलात ते पोलाद ओतणाऱ्या कारखान्याच्या बाजूनं खरं आहे. तेच पोलाद विकत घेणाऱ्याच्या बाजूनं बघा, म्हणजे चित्र फिरतं.

आमच्याकडे टायटॅनियमचा एक ब्रॅकेट व्हायचा. तयार भाग तळहातावर मावायचा, वजन जेमतेम आठशे ग्रॅम. पण तो काढायला मशीनवर जो ठोकळा चढायचा, तो आठ किलोंच्या वर असायचा. बाकी सगळा कीस. निळसर, तापलेल्या सुरळ्या ट्रेमध्ये साठायच्या आणि संध्याकाळी भंगाराच्या पिंपात जायच्या. या धंद्यात याला ‘बाय टू फ्लाय’ म्हणतात : विकत किती घेतलं आणि उडालं किती. विमानाच्या भागांत दहाला एक हे प्रमाण काही वेगळं नाही. आता शुल्क कशावर लागतं? आलेल्या बारावर, म्हणजे सगळ्या आठ किलोंवर. जो धातू कधी उडणारच नाही, त्याचंही शुल्क भरून आपण तो भंगारात टाकतो. भंगाराला भाव मिळतो, पण तो बाराच्या भावाच्या जवळपासही नसतो.

दुसरी गोष्ट कराराची. विमानाच्या भागांचे करार पाच-पाच, दहा-दहा वर्षांचे असतात आणि भाव बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो. संरक्षण खात्याच्या कित्येक करारांतही तेच. कराराची शाई वाळल्यावर शुल्क वाढलं, तर वाढीव खर्च कोणी सोसायचा? कराराच्या कलमांत त्याचं उत्तर नसेल तर जो सगळ्यांत अशक्त तो सोसतो. वर विमान कंपनी, तिच्याखाली इंजिन किंवा सांगाडा बनवणारी कंपनी, तिच्याखाली आमच्यासारखे, आमच्याखाली जॉबवर्क करणारी दहा-पंधरा माणसांची वर्कशॉप. ओझं वरून खाली सरकत जातं.

अमेरिकेनं मार्च २०१८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावलं. त्यासाठी १९६२ च्या व्यापार कायद्यातलं २३२ वं कलम वापरलं. मार्च २०२५ मध्ये दोन्हींवर २५ टक्के झालं, आणि जूनमध्ये ५०. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आरटीएक्स या बड्या कंपनीनं सगळ्या नव्या शुल्कांचा मिळून आपल्याला वर्षभरात सुमारे ८५ कोटी डॉलरचा फटका बसू शकतो, असा अंदाज जाहीर केला. प्रॅट अँड व्हिटनी ही इंजिनं आणि रेथिऑनची क्षेपणास्त्रं बनवणारी हीच कंपनी. इंजिनांचे धातूभाग बनवणाऱ्या हाउमेटनं तर ग्राहकांना पत्र पाठवून ‘फोर्स मेज्युअर’चं कलम पुढे केलं. हे कलम पूर, भूकंप, युद्ध अशा आपल्या हाताबाहेरच्या संकटांसाठी करारात घातलेलं असतं. ते पत्र वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले. माझ्या नोकरीत सरकारी शुल्कासाठी ते कलम वापरलेलं मी पाहिलं नव्हतं.

आणि हा उद्योग शुल्काला सरावलेलाही नव्हता. १ जानेवारी १९८० पासून लागू असलेल्या नागरी विमान व्यापार कराराखाली सही करणाऱ्या देशांनी नागरी विमानं, इंजिनं आणि त्यांच्या भागांवरचं शुल्क शून्य केलं होतं. चाळीस वर्षांत कारखान्यांनी त्या शून्यावर विसंबून कामाची वाटणी केली : पंख एका देशात, शेपूट दुसऱ्या, इंजिन तिसऱ्या. एकाच भागाचा कच्चा धातू, फोर्जिंग, मशीनिंग आणि जोडणी अशा प्रवासात तो दोन-तीन वेळा सीमा ओलांडतो. शून्य होतं तोवर त्याचा हिशेब कोणी ठेवलाच नाही.

प्रश्न : विमान कंपन्यांचं भांडण प्रवासी विमानांवरून असतं. त्यात लढाऊ विमानांची खरेदी कशी अडकते? (स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी विद्यार्थिनी)

पत्राच्या शेवटी ‘मला अहो-जाहो करू नका’ असं लिहिलंस, म्हणून एकेरीत लिहिते. तुझ्या प्रश्नाला बॉम्बार्डियरची गोष्ट हे सगळ्यांत चांगलं उत्तर आहे, आणि ती मला अजून अस्वस्थ करते.

कॅनडाच्या बॉम्बार्डियर कंपनीनं अब्जावधी डॉलर घालून सी सिरीज नावाचं प्रवासी विमान नव्यानं घडवलं. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइन्सनं त्यातल्या ७५ विमानांची मागणी नोंदवली. वर्षभरानं बोइंगनं अमेरिकी सरकारकडे तक्रार केली : ही विमानं सरकारी पैशाच्या जोरावर, बनवण्याच्या खर्चापेक्षा कमी भावात विकली जात आहेत. अमेरिकी वाणिज्य खात्यानं तक्रार मान्य केली आणि डिसेंबर २०१७ मध्ये शुल्काचा अंतिम आकडा काढला, २९२ टक्के. म्हणजे १०० च्या विमानावर २९२ चं शुल्क. इतक्या शुल्काचा अर्थ एकच, विमान घेऊच नका.

आता लढाऊ विमान कुठे येतं ते बघ. बोइंग प्रवासी विमानं बनवते तशी लढाऊ विमानंही बनवते. कॅनडानं नोव्हेंबर २०१६ मध्ये बोइंगची १८ सुपर हॉर्नेट घ्यायचा विचार जाहीर केला होता. तक्रारीनंतर कॅनडाचं सरकार मागे फिरलं. त्याऐवजी त्यांनी ऑस्ट्रेलियाकडून वापरलेली जुनी एफ-१८ घेतली. सी सिरीजचे पंख उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टला बनत, तिथल्या कामगारांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या, म्हणून ब्रिटनही त्यात ओढलं गेलं. ब्रिटिश सैन्य बोइंगचं मोठं गिऱ्हाईक. तिथल्या संरक्षणमंत्र्यांनी उघड सांगितलं की अशा वागण्यानं पुढची संरक्षण कंत्राटं धोक्यात येऊ शकतात.

पुढे काय झालं? २६ जानेवारी २०१८ ला अमेरिकेच्याच आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगानं ४ विरुद्ध ० मतांनी निकाल दिला की या विक्रीनं अमेरिकी उद्योगाची हानी झालेली नाही. शुल्क गेलं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. ऑक्टोबर २०१७ मध्येच बॉम्बार्डियरनं या विमानाच्या प्रकल्पाचा ५०.०१ टक्के हिस्सा एअरबसला द्यायचं ठरवलं होतं, केवळ एका डॉलरला. सी सिरीजचं नाव ए२२० झालं आणि पुढे अमेरिकेत अलाबामातल्या मोबील शहरी त्याची जोडणी सुरू झाली. २०२० मध्ये बॉम्बार्डियर प्रवासी विमानांच्या धंद्यातून पूर्ण बाहेर पडली. बेलफास्टचा कारखाना विकला गेला.

या भांडणात बोइंगनं लढाऊ विमानांची मागणी घालवली आणि एका लहान प्रतिस्पर्ध्याचं विमान आपल्या सगळ्यांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याच्या पदरात घातलं. तरी बोइंग उभी राहिली. उत्तम विमान घडवलेल्या बॉम्बार्डियरला मात्र ते आपल्या नावानं विकता आलं नाही. केस जिंकूनही. मी हे वाचत होते तेव्हा मला सारखे तिथले डिझाइनवाले आठवत होते, ज्यांना मी कधी भेटले नाही.

हे तिथेच संपलं नाही. कॅनडानं नंतर अमेरिकेची ८८ एफ-३५ लढाऊ विमानं घ्यायचं ठरवलं. २०२५ मध्ये अमेरिकेशी शुल्कावरून संबंध बिघडल्यावर मार्चमध्ये पंतप्रधान मार्क कार्नी यांच्या सरकारनं त्या खरेदीचाही फेरविचार सुरू केला. लढाऊ विमान तीस-चाळीस वर्षं वापरायचं असतं आणि ती सगळी वर्षं सुटे भाग विकणाऱ्या देशाकडून यायचे असतात. जो देश आज पोलादावर शुल्क लावतो, त्याच्यावर उद्या सुट्या भागांसाठी अवलंबून राहायचं का, हा विचार त्यामुळे येतोच.

परीक्षेसाठी एक जुनं उदाहरणही वाचून ठेव. १९८० च्या दशकात जपानला स्वतःचं लढाऊ विमान बनवायचं होतं. त्या काळात अमेरिकेची जपानशी व्यापारी तूट वाढलेली, तिथल्या काँग्रेसमध्ये जपानविरोधी वातावरण. दबावाखाली जपाननं १९८७ मध्ये अमेरिकेच्या एफ-१६ वर आधारित विमान बनवायचं मान्य केलं. १९८९ मध्ये करार पुन्हा उघडला गेला आणि कामाचा सुमारे ४० टक्के वाटा अमेरिकी कंपन्यांना मिळाला. त्यातून एफ-२ झालं. जेमतेम ९४ विमानं बनली आणि २०११ मध्ये उत्पादन थांबलं. त्याची जागा घेणारं विमान जपान आता ब्रिटन आणि इटलीबरोबर बनवतो आहे. तसं डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झालं.

प्रश्न : एअरबस आणि बोइंगचा जागतिक व्यापार संघटनेतला खटला इतकी वर्षं चालला. शेवटी जिंकलं कोण? (एक प्राध्यापक)

दोघांनाही दोष लागला. खटला २००४ मध्ये सुरू झाला. दोन्ही बाजूंनी आपापल्या कंपनीला नियमबाह्य मदत दिली, असं ठरलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेला वर्षाला सुमारे ७५० कोटी डॉलरच्या मालावर प्रतिशुल्क लावायची मुभा मिळाली, वर्षभरानं युरोपला सुमारे ४०० कोटींची. विमानांवर शुल्क लागलंच, पण स्कॉच व्हिस्की, चीज, ऑलिव्ह यांच्यावरही लागलं. विमानाशी काडीचा संबंध नसलेल्या शेतकऱ्यांनी आणि मद्य बनवणाऱ्यांनी या भांडणाची किंमत मोजली. जून २०२१ मध्ये दोन्ही बाजूंनी पाच वर्षांसाठी शुल्क स्थगित केलं. सतरा वर्षांत वकिलांची एक पिढी निवृत्त झाली असेल.

प्रश्न : रेअर अर्थचा (दुर्मिळ मृदा धातूंचा) इतका गाजावाजा का? एवढ्याशा खनिजावाचून लढाऊ विमान अडतं, हे पटत नाही. (एक रसायनशास्त्राचे शिक्षक)

तुम्ही रसायनशास्त्राचे, म्हणून थोडं खोलात जाते.

जेट इंजिनाच्या टर्बाइनचं पातं निकेलच्या मिश्रधातूचं असतं. त्याच्याभोवती जो वायू वाहतो त्याचं तापमान त्या मिश्रधातूच्या वितळणबिंदूपेक्षा जास्त असतं. पातं वितळत नाही याची दोन कारणं : त्याच्या पोटातून हवा खेळवलेली असते आणि वरून मातीच्या भांड्यासारखा सिरॅमिकचा पातळ थर दिलेला असतो. तो थर झिर्कोनियाचा. नुसता झिर्कोनिया तापला-निवला की त्याची स्फटिकरचना बदलते आणि तो तडकतो. त्यात सात-आठ टक्के यिट्रियम ऑक्साइड मिसळलं की रचना स्थिर राहते. यिट्रियम ही रेअर अर्थ. एका पात्यावर ती किती असेल? चिमूटभर. पण त्या चिमटीवाचून पातं इंजिनात बसवता येत नाही.

तसंच चुंबकांचं. निओडिमियमचं चुंबक जोरदार असतं, पण उष्णतेत ढिलं पडतं. इंजिनाजवळच्या पंपात, क्षेपणास्त्राच्या कल्ल्यांच्या मोटरमध्ये सॅमेरियम-कोबाल्टचं चुंबक लागतं, कारण ते कितीतरी जास्त तापमानात टिकतं.

४ एप्रिल २०२५ ला चीननं सात रेअर अर्थ आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला : सॅमेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यिट्रियम. अमेरिकी शुल्काच्या घोषणेला दोन दिवस झाले होते. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये गॅलियम आणि जर्मेनियमला परवाना आला होता, सप्टेंबर २०२४ मध्ये अँटिमनीला. ही यादी नुसती वाचली तरी कळतं की ती कोणी तरी विचारपूर्वक केली आहे. गॅलियम रडारच्या चिपमध्ये, जर्मेनियम रात्री बघणाऱ्या दुर्बिणींच्या भिंगात, अँटिमनी काडतुसात.

शुल्क आणि परवाना यांतला फरक माझ्या टेबलावरून फार स्पष्ट दिसायचा. शुल्क वाढलं तर माल महाग येतो, पण येतो. मी वरिष्ठांकडे जाऊन जादा पैसे मागू शकते. परवाना अडला तर मालच येत नाही, आणि कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. परवान्याच्या अर्जात अंतिम वापर लिहून द्यावा लागतो : हा भाग कोणत्या यंत्रात बसणार, ते यंत्र कोण वापरणार. लष्करी वापर लिहिला तर परवाना मिळायची आशा धूसर, आणि न लिहिणं हा गुन्हा. ऑक्टोबर २०२५ मध्ये चीननं परदेशी लष्करी ग्राहकांना परवाना देणार नाही असं स्पष्टच जाहीर केलं. महिन्याअखेरीच्या अमेरिका आणि चीनच्या राष्ट्राध्यक्षांच्या भेटीनंतर ते नवे नियम वर्षभरासाठी मागे ठेवले गेले. एप्रिलचा परवाना मात्र तसाच राहिला.

आणि कारखान्याला आपल्या भागात काय आहे हे तरी ठाऊक असतं का? सप्टेंबर २०२२ मध्ये पेंटागॉननं एफ-३५ ची विमानं ताब्यात घेणं थांबवलं. त्यातल्या एका पंपाच्या चुंबकात चिनी बनावटीचा सॅमेरियम-कोबाल्ट मिश्रधातू निघाला होता, आणि अमेरिकी संरक्षण नियमांना तो चालत नाही. खालच्या टप्प्यातल्या एका पुरवठादाराकडून ही गोष्ट वर कळली. तोवर शेकडो विमानं देऊन झाली होती. विमानाला धोका नाही असं ठरवून ऑक्टोबरमध्ये सूट दिली आणि विमानं पुन्हा घेऊ लागले. जगातल्या सगळ्यांत महागड्या शस्त्रप्रकल्पात, एवढे हिशेबनीस असताना, एका चुंबकाचा उगम वर्षानुवर्षं कोणाला माहीत नव्हता. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. चौथ्या-पाचव्या टप्प्यावर कोण काय विकत घेतं, हे वरच्या कोणी कधी विचारलेलंच नसतं.

प्रश्न : जागतिक व्यापार संघटना हे थांबवू शकत नाही का? (अनेक वाचक)

फारसं नाही. संघटनेचा पाया असलेल्या गॅट या व्यापार कराराच्या एकविसाव्या कलमात सुरक्षेच्या कारणासाठी देशांना सूट आहे, आणि त्यात शस्त्रास्त्रांच्या व्यापाराचा स्पष्ट उल्लेख आहे. शिवाय संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून सदस्यांअभावी बंद पडलेलं आहे. खाली हरलेला देश अपील करतो आणि प्रकरण तिथेच राहतं.

प्रश्न : मग सगळं आपल्याच देशात बनवणं हाच उपाय नाही का? कोणत्याही देशानं असंच करायला हवं. (एक तरुण अभियंता)

तुमच्या पत्रातली तळमळ मला भावली. पण ‘सगळं’ या शब्दापाशी मी थांबते.

चीनचं सी९१९ हे विमान घ्या. पहिलं उड्डाण मे २०१७, प्रवासी सेवेत मे २०२३. त्याला लागणारी लीप इंजिनं अमेरिकेच्या जीई आणि फ्रान्सच्या साफ्रान यांची भागीदारी बनवते. मे २०२५ च्या शेवटी अमेरिकेनं या विमानासाठीच्या तंत्रज्ञानाचे काही परवाने थांबवले, जुलैमध्ये पुन्हा दिले. अवघे पाच-सहा आठवडे. पण जोडणीच्या रांगेत इंजिनाची वाट बघत उभं असलेलं विमान म्हणजे अडकलेला पैसाच. रशियाचं एमसी-२१ २०१७ मध्ये उडालं. पुढच्याच वर्षी निर्बंधांमुळे पंखाच्या कार्बन फायबरचा परदेशी पुरवठा तुटला, २०२२ नंतर इंजिनांपासून सगळंच देशी करायची वेळ आली. २०२५ सरलं तरी ते प्रवासी सेवेत नव्हतं. रशियात अभियंत्यांची वाण नाही. भाग बदलला की तो पुन्हा सिद्ध करावा लागतो, आणि त्याला लागणारी वर्षं हुशारीनं कमी होत नाहीत.

हे मी स्वतः भोगलं आहे. एका वर्षी शुल्क बदलल्यामुळे आमची टायटॅनियम बारांची नेहमीची मिल परवडेना. दुसरी मिल शोधली. तोच ग्रेड, तीच रासायनिक घडण, भावही बरा. मला वाटलं काम झालं. पण ती मिल गिऱ्हाइकाच्या मान्य यादीत नव्हती. मग नमुने, ताण चाचण्या, अल्ट्रासॉनिक तपासणी, पहिल्या भागाची मापं, कागद, पुन्हा कागद. मंजुरी यायला चौदा महिने लागले. त्या काळात आमचं जॉबवर्क करणाऱ्या एका वर्कशॉपला देण्यासारखं काम आमच्याकडे नव्हतं. तिथले मालक रोज सकाळी साडेनऊला फोन करायचे. पहिले दोन महिने विचारायचे, ‘मॅडम, बार आले का?’ नंतर नुसतं ‘आज काही?’ म्हणायचे. सहाव्या महिन्यात त्यांनी दोन मशीनं विकली. बार आले तेव्हा ती मशीनं चालवणारे कारागीर दुसऱ्या धंद्यात गेले होते. शुल्क मागे घेतलं तरी असे कारागीर परत येत नाहीत.

म्हणून माझं मत असं की देशानं आधी शोधावं की आपला कोणता भाग एकाच दारातून येतो. त्याला दुसरं दार करून ठेवावं, मग ते देशातलं असो किंवा मित्रदेशातलं, आणि त्या दुसऱ्या पुरवठादाराची मंजुरी शांततेच्या काळात घ्यावी. टायटॅनियमचं बघा. २०२२ मध्ये बोइंगनं रशियाच्या व्हीएसएमपीओ-आविस्माकडून खरेदी थांबवली. एअरबसला ते एकदम जमण्यासारखं नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडानं त्या कंपनीवर निर्बंध घातले आणि थोड्याच काळात एअरबसला त्यातून सूट द्यावी लागली. दुसरं दार तयार नसेल तर निर्बंध घालणाऱ्यालाच माघार घ्यावी लागते.

चीनला द्यायचं बोइंगचं विमान अमेरिकेला परत गेलं ही बातमी खरी का, असंही तुम्ही विचारलंय. हो, ती खरी आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनच्या झौशानहून एक कोरं ७३७ मॅक्स गुआम आणि हवाईला इंधन भरत सिॲटलला परत आलं, शामेन एअरलाइन्सचे रंग अंगावर घेऊनच. चीननं अमेरिकी मालावर १२५ टक्के शुल्क लावलं होतं. विमानाची बरीचशी रक्कम गिऱ्हाइकाच्या ताब्यात देताना मिळते. ते परत आलं म्हणजे ती रक्कमही अडली. मे महिन्यात शुल्कांना विराम मिळाल्यावर ताबा देणं पुन्हा सुरू झालं.

प्रश्न : माझं पंधरा माणसांचं वर्कशॉप आहे. मोठ्या गिऱ्हाइकाचं पत्र आलंय : प्रत्येक मालाचा उगम लिहून द्या, धातू कोणत्या देशात वितळवला तेही सांगा. इतकी वर्षं कोणी विचारलं नाही. हे सगळं आमच्यावरच का? (एक वर्कशॉप मालक)

तुमचा वैताग मला समजतो, पण हे पत्र गांभीर्यानं घ्या. वर चुंबकाचं सांगितलं ना, त्यानंतर सगळ्याच मोठ्या कंपन्या खालपर्यंत विचारायला लागल्या आहेत. काही शुल्कं आता माल कुठून पाठवला यापेक्षा धातू कुठे वितळवला आणि ओतला यावर ठरतात. तुम्ही उत्तर दिलं नाही तर ते दुसरा पुरवठादार शोधतील. तसं उत्तर ज्याच्याकडे तयार आहे, त्याला उलट जास्त काम मिळेल.

व्यापाऱ्याकडून बार घेत असाल तर त्याच्या बिलावर समाधान मानू नका. मिलचं मूळ टेस्ट सर्टिफिकेट मागा. त्यावर हीट नंबर, म्हणजे धातूच्या एका वेळच्या वितळणीचा क्रमांक असतो, वितळणाचा देशही बहुधा असतो. नसेल तर लिहून घ्या. दोन हीटचे बार एका रॅकवर ठेवू नका, कितीही जागेची अडचण असली तरी. भंगारसुद्धा ग्रेडप्रमाणे वेगळं ठेवा, भाव चांगला येतो.

नवा करार करताना एक ओळ घालून घ्या : सहीनंतर सरकारनं शुल्क वाढवलं किंवा नवं लावलं, तर फरक कोण भरणार. गिऱ्हाईक तयार नसेल तर अर्धा-अर्धा म्हणा. ही ओळ मागायला लाजू नका, मोठ्या कंपन्या आपल्या गिऱ्हाइकांकडे तेच मागत आहेत. आयात केलेल्या धातूचा भाग पुन्हा निर्यात होत असेल, तर भरलेलं शुल्क परत मिळण्याची सोय बऱ्याच देशांत असते. त्यासाठी कोणत्या बारातून कोणता भाग झाला हे दाखवावं लागतं, म्हणजे पुन्हा हीट नंबरच.

शेवटचं, अगदी बारीक. आमच्याकडे एकदा एका वर्कशॉपमधून पूर्ण लॉट परत आणावा लागला. भाग मापात होते, फिनिश सुरेख. पण बाराच्या ज्या टोकावर नंबर ठोकलेला होता, तेच टोक नव्या पोरानं सगळ्यांत आधी कापलं. उरलेला बार कोणत्या हीटचा, याचा पुरावा राहिला नाही. एकोणतीस भाग भंगारात गेले. तेव्हा कापताना शिक्क्याचं टोक शेवटपर्यंत राखा. आधी कापावं लागलंच तर दुसऱ्या टोकावर नंबर ठोका, रजिस्टरमध्ये लिहा, आणि मगच करवत चालवा.